डोळा काढलेला कॅमेरा

२ जून

शाळेला सुट्टी लागली. बॉयलरची राख उपसली, नळ्या खरवडल्या. आता सप्टेंबरपर्यंत माझ्याकडे शाळेच्या सगळ्या किल्ल्या आहेत आणि काम नाही.

भौतिकच्या खोलीतली कपाटं पुसताना खालच्या फळीवर दुर्बीण सापडली. आठवीत असताना आमचे भौतिकचे मास्तर ओरोझाली अगाय यांनी हीच आम्हाला दाखवली होती. दाखवली म्हणजे लांबून दाखवली, हात लावू दिला नव्हता. आज पस्तीस वर्षांनी हात लावला. आधी आजूबाजूला पाहून घेतलं.

४ जून

मशिदीच्या कुंपणाला रंग दिला. एक बाजू पुरी झाल्यावर इमाम इलियास म्हणाले, उद्या पाऊस आहे, बहुतेक परत द्यावा लागेल. त्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे हा अगायचा रोजाच झाला की!" सगळे हसले. इमाम हसले नाहीत, पण त्यांनी ब्रश बादलीत जरा जास्त वेळ बुडवून ठेवला.

गेल्या वर्षापासून आमच्या गावात फुकट गेलेल्या मेहनतीला हेच नाव पडलं आहे. तीस वर्षं टेकडीवर चढून रमजानचा चंद्र पाहायचा मान अगायचा. गेल्या वर्षी ते खाली येऊन म्हणाले, "पाहिला." साठ घरांनी दुसऱ्या दिवशी रोजा धरला. मग रेडिओवर सांगितलं, त्या संध्याकाळी चंद्र कुठेच दिसणं शक्य नव्हतं. मी त्या दिवशी ऑगस्टच्या उन्हात पाण्याचा थेंब न घेता गवत कापत होतो.

माझं मत लिहून ठेवतो. चूक रेडिओची असावी. ज्या माणसाला शेवटच्या बाकावरची माझी नक्कल फळ्याकडे तोंड करून दिसायची, त्याला चंद्र दिसला नसेल, हे मला पटत नाही. पण अगायच्या शब्दाला पुरावा नव्हता. यंदा दुर्बिणीतून चंद्राचा फोटो निघाला, तर पुन्हा कोणी हसणार नाही.

६ जून

बायकोकडे, सालिमाकडे, कॅमेरा मागितला. नुर्झातने मॉस्कोहून पाठवलेला आहे. लेक म्हणते, दोघांचा फोटो काढून पाठवा, तुमची तोंडं विसरायला झाली. सालिमाने तो पेटीत स्वतःच्या लग्नातल्या ओढणीत गुंडाळून ठेवला आहे, त्यामुळे फोटो अजून निघालेला नाही.

ती म्हणाली, "चंद्राचा फोटो काढायला माझी ना नाही. परत मिळेल ना पण?"

मी म्हणालो, मिळेल. तेव्हा मला तसंच वाटत होतं, याची इथे नोंद करतो.

९ जून

दुर्बीण शाळेच्या अंगणात मांडून समोरच्या डोंगरावरच्या विजेच्या खांबावर लावली आणि डोळा लावायच्या जागी कॅमेरा धरला. चालू केल्याबरोबर कॅमेऱ्याचं भिंग नाकासारखं पुढे आलं आणि दुर्बिणीच्या भिंगावर आपटलं. जरा लांब धरला तर काळोखात नाण्याएवढं गोल, आणि त्यात खांब आहे असं समजायचं.

तेवढ्यात अगाय आले. आत जाऊन दाराजवळच्या खुंटीवरच्या माझ्या कोटाला त्यांनी सलाम केला, बायको-मुलीची खुशाली विचारली आणि उत्तराची वाट पाहत थांबले. मी अंगणातून हाक मारल्यावर बाहेर आले. विद्वान माणसाचं मन एका जागी नसतं.

त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी कॅमेरा कानाला लावून दोनदा चालू-बंद केला. "मोटार चांगली आहे," म्हणाले. मग अडचण सांगितली.

"दोन भिंगं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली तर तिसऱ्याला काय दिसणार? याचं भिंग काढून टाक. दुर्बीणच याचं भिंग."

"अगाय, पण हे भिंग निघायचं नाही. अंगाचंच आहे."

"माणसाचंही अंगाचंच असतं. काढतातच ना? भिंगाचं काही नाही पोरा. मागचा पडदा जपायचा. तो गेला की नारिन शहरातला डॉक्टरसुद्धा हात टेकतो."

नारिनला कॅमेऱ्याचा डॉक्टर आहे हे मला माहीत नव्हतं.

१४ जून, गुरुवार

बिस्मिल्ला म्हणून कॅमेरा उघडला.

स्क्रू सतरा निघाले, सगळे राईएवढे आणि लांबीला वेगवेगळे. हरवू नयेत म्हणून परातीतल्या कणकेचा एक गोळा चपटा करून त्यात काढलेल्या क्रमाने टोचून ठेवले. मग आतल्या एका तांबड्या तारेला बोट लागलं आणि कोपरापर्यंत असा झटका बसला की चहाचा वाडगा भिंतीवर गेला. बराच वेळ बसून राहिलो. दुसऱ्याची वस्तू उघडू नये असा हा इशारा असावा, असं मनात आलं. बायकोची वस्तू दुसऱ्याची म्हणायची का, याचा विचार करत अगायकडे गेलो.

अगाय म्हणाले, "फ्लॅशची वीज साठलेली असते आत. आधी लाकडी मुठीच्या पेचकसाने दोन टोकं जोडायची असतात. आठवीत सांगितलं होतं."

आठवीत त्या दिवशी मी मेंढ्यांमागे होतो.

घरी आलो तर घरभर तेलाचा वास. गुरुवार असल्यामुळे सालिमाने मेलेल्यांच्या नावाने कणकेचे बोरसोक तळले होते. वास त्यांच्यापर्यंत पोहोचतो आणि त्यांना कळतं, घरच्यांनी आठवण ठेवली. परातीतली सगळी कणीक संपली होती.

चौदा स्क्रू मिळाले. तळल्याने धातूला काही होत नाही. उरलेले तीन शेजारी वाटलेल्या ताटांतून गेले असावेत. अजून कोणी काही बोललेलं नाही. माझ्या वडिलांना या आठवड्यात काय वाटलं असेल, देव जाणे.

१७ जून

भिंग सुटलं. मागे नखाएवढी काच आहे, तीच ती मागचा पडदा. कॅमेरा चालू केला. मागच्या छोट्या स्क्रीनवर 'भिंगात बिघाड' अशी रशियन अक्षरं आली आणि तो मिटला. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच. भिंग नसेल तर हा पाहायलाच तयार नाही.

सालिमा दारात उभी राहून बघत होती. "फोटो निघाला का चंद्राचा?" एवढंच विचारलं. आज अमावास्येच्या जवळचा दिवस आहे, चंद्र नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. असता तर घाबरला असता."

१९ जून

अगायना तिढा सांगितला. त्यांच्या घरी चहा घेतला. ते ओतताना वाडग्याच्या आत बोट धरतात, चहा बोटाला लागला की थांबतात. म्हातारपणी रीत थोडी सुटते.

ते म्हणाले, "भिंग बाहेर काढ, पण तार तोडू नको. बाजूला टांगून ठेव. ते आपलं उघडेल, मिटेल, कॅमेऱ्याला वाटेल सगळं ठीक आहे. चारचौघांत तेवढं पुरतं. पाहायचं काम दुसरीकडून होऊ दे."

इतकं साधं मला का सुचलं नाही?

२१ जून

जमलं. भिंग एका चपट्या तारेवर बाजूला लोंबतं. चालू केलं की घर्रर्र करून बाहेर येतं, भिंतीकडे बघतं, काही तरी पाहिल्यासारखं करतं. बंद केलं की आत जातं. मी ते काड्यापेटीत बसवलं. सालिमाने काड्यापेटीवर रुमाल टाकला. म्हणाली, "माझ्याकडे बघतं ते." आता तर ते कुठेच बघत नाही, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, "तेच."

अगायच्या खणात जुन्या फिल्मच्या काळ्या डब्या होत्या. एकीचा तळ कापून कॅमेऱ्याला चिकटवली. ती दुर्बिणीच्या तोंडात अशी बसली, जणू दोन्ही एकाच कारखान्यातून निघाल्या होत्या. देवाची कृपा.

२५ जून

आज अडचण निघाली, आणि ती मोठी आहे. कॅमेऱ्यात समोरचा डोंगर स्वच्छ दिसतो, पण फोटो काढला की पांढरं. नुसते पांढरे पट्टे. अगायनी विचार करून सांगितलं, फोटोच्या वेळी जी पापणी मिटायला हवी ती भिंगाच्या पोटात आहे, आणि भिंग काड्यापेटीत आहे. तिथे ते इमानाने मिटतं. काचेवर उजेड पडतच राहतो. चित्रफीत काढायच्या खुणेवर न्यायची चकती तर तीन स्क्रू नसल्यामुळे नुसतीच फिरते.

म्हणजे या कॅमेऱ्यात सगळं दिसतं, राहत काही नाही. मला पुरावा हवा होता.

अगायना मी सांगितलं, सोडून देतो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं.

"टीव्हीला जोडता येतो का?"

"तार आहे डब्यात. येईल."

"केवढा दिसेल?"

"शाळेच्या टीव्हीत? चंद्र काठोकाठ. दोन हात पसरले तर त्यात मावेल एवढा."

"अगदी जवळून बघता येईल? नाक लावून?"

"टीव्हीला नाक कशाला लावायचं, अगाय? डोळे बिघडतात."

त्यांनी मनगट सोडलं. म्हणाले, "सोडायचं नाही. कर."

३ जुलै

भर रस्त्यात अगायना नुसती मान लववून सलाम केला. त्यांनी पाहिलं आणि उत्तर न देता पुढे गेले. माझं काय चुकलं ते कळेना. रात्रभर वाईट वाटत राहिलं. नमाजात लक्ष लागलं नाही.

४ जुलै

आज माझा आवाज ऐकताच म्हणाले, "काल आला नाहीस तो?"

त्यांनी मला वही घेऊन बसवलं. मागच्या अमावास्येपासून पुढची किती दिवस किती तासांनी, सूर्य कुठे मावळेल, चंद्र त्याच्या डावीकडे किती, वर किती. आकडे ते सांगत होते, लिहीत मी होतो. त्यांना सगळं तोंडपाठ आहे. मी विचारलं, "अगाय, चंद्र डोळ्यांनी पाहायचा, मग बेरीज कशाला?"

"चूक होऊ नये म्हणून."

तिसऱ्या ओळीवर त्यांनी मला थांबवलं. "इथे हातचा एक आहे. धरलास?"

"धरला."

"पुन्हा बघ. इथेच राहतो तो. एक राहिला की अख्खा दिवस सरकतो." मग ते खिडकीकडे तोंड करून बसले. खिडकीला फळ्या ठोकलेल्या आहेत.

यंदा चंद्र वीस जुलैला दिसेल. इमामांकडे शहरातून आलेल्या वेळापत्रकाच्या कागदावर रोजा एकवीसपासूनच आहे. म्हणजे भांडण नाही. इमाम एवढंच म्हणाले, "कागद कागदाच्या जागी. आपल्या गावात कोणी पाहिला तर मला बरं वाटेल."

१२ जुलै

कॅमेरा दुर्बिणीला लावून डोंगरावर चरणारं गाढव पाहिलं. टीव्हीवर गाढव चारी पाय वर करून गवत खात होतं. डबीतल्या काचेवर माझ्या थुंकीचा एक थेंब उडाला आहे, तो गाढवाच्या पोटाजवळ दिसतो. पुसायचं धाडस केलं नाही.

१८ जुलै

नुर्झातचा फोन आला. सालिमा तिला सांगत होती, "फोटो कुठला गं! तुझ्या अतांनी त्याचा डोळा काढलाय… नाही, वेडे नाही झाले. चंद्रासाठी… हो, चंद्र… बरं, सांगते." फोन ठेवून मला म्हणाली, "ती म्हणते, चंद्राचा तरी पाठवा."

तोही निघत नाही, हे मी सांगितलं नाही.

२० जुलै

टेकडीवर वीज नाही, म्हणून यंदा बॉयलरच्या खोलीचं छप्पर. टीव्ही शिडीवरून वर चढवला: खालून मी, वरून सालिमा, मध्ये इमाम इलियास. इमाम गवताच्या पेंढीसारखे वाकून मला वडीलकीचा मान देत म्हणाले, "जोमार्त बायके, हा टीव्ही आहे की गाय?" सालिमा वरून इमामांना म्हणाली, "मोल्दोके, गाय असती तर स्वतःच्या पायांनी चढली असती." अगाय सगळ्यांत शेवटी आले. शिडीच्या पायऱ्या मोजत आले.

गावातले बहुतेक लोक गुरं घेऊन वर कुरणात गेले आहेत. छपरावर आम्ही चौघंच.

सूर्य डोंगराआड गेला. घोंगडीवर मगरिबची नमाज पढलो. मग अगायनी माझा हात धरून आडवा लांब केला, जसा शाळेत कोन मोजायला करायचे. "खिंडीचा डावा खांदा धर. तिथून डावीकडे चार बोटं. वर तीन."

तिथे मला आकाशाशिवाय काही दिसलं नाही. दुर्बीण तिकडे वळवली. कॅमेरा चालू केला. काड्यापेटीतलं भिंग घर्रर्र करून उघडलं. टीव्हीत पिवळट धूसर. दुर्बिणीचा स्क्रू केसभर फिरवला.

आणि तो आला. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, नखाच्या कडेसारखा, थरथरत.

इमाम पुढे वाकले, मागे झाले. "बायके," ते हळूच मला म्हणाले, "याचं पोट डावीकडे आहे. हा महिना सरतानाचा चंद्र आहे."

पाहिलं तर खरंच. सरत्या चंद्रावर कोण रोजा धरणार? अगाय मात्र म्हणाले, "दुर्बीण उलटं दाखवते, मोल्दोके. वरचं खाली, डावं उजवं."

त्यावर उपाय एकच होता. सालिमाने एक बाजू धरली, इमामांनी दुसरी, मी खाली हात घातला, आणि टीव्ही उलटा केला. चंद्राचं पोट उजवीकडे आलं. टीव्ही डोक्यावर उभा राहून चांगला चालतो. दम खाऊन झाल्यावर इमाम म्हणाले, "डबीतला कॅमेराच फिरवला असता तर?"

सालिमाने हात झटकले.

अगाय तोपर्यंत हलले नव्हते. आता आवाजाच्या दिशेने पुढे आले, गुडघ्यावर बसले, टीव्हीच्या कडा हातांनी चाचपल्या आणि तोंड काचेजवळ नेलं. आणखी जवळ. नाक काचेला टेकलं. डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यायला लागले, जशी बारीक अक्षरांची ओळ वाचावी. मध्येच थांबले. मागे येऊन परत तिथून वाचलं.

"हा थेंब कसला?"

"माझा आहे, अगाय. थुंकीचा."

"असू दे. तोही दिसला."

दर मिनिटाला चंद्र टीव्हीतून निसटत होता आणि मी नळी ढकलून परत आणत होतो. असं पंधरा मिनिटं केलं. मला वाटत होतं, इमामांनाही नीट पाहू द्यावं, अगाय मध्ये बसलेत. पण इमाम स्वतःच लांब जाऊन उभे राहिले आणि सालिमा तोंडाला ओढणी लावून डोंगराकडे बघत होती.

मग अगाय काचेपासून न हलता म्हणाले, "मोल्दोके, आज मी 'पाहिला' म्हणालो तर ते खोटं नाही."

"तुमचं कधीच खोटं नव्हतं, अगाय."

"होतं. चार वर्षं होतं. तीनदा बेरीज बरोबर आली, एकदा चुकली. साक्ष चारही वेळा खोटीच." मग म्हणाले, "गावाला सांगा."

इमाम म्हणाले, "तुमच्या-माझ्यात आणि वरच्यात राहू दे."

"नाही. साठ घरांनी उपास धरला होता."

मी दुर्बिणीच्या स्क्रूवर हात ठेवून उभा होतो. चंद्र निसटला तरी ढकलायचं राहून गेलं. मान वर केली, तर डावीकडे चार बोटं, वर तीन, नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. इतका बारीक, की पापणी हलवली तर मोडेल.

"तुला दिसतो का?" अगायनी विचारलं.

"दिसतो."

"मग साक्ष तू दे. माझी चालायची नाही."

२१ जुलै

पहिला रोजा. पहाटे मशिदीत अगाय स्वतः उभे राहून बोलले. चार वाक्यं. कोणी हसलं नाही. शेवटी एका म्हाताऱ्याने एवढंच विचारलं, गेल्या वर्षीचा तो जादा रोजा देवाकडे जमा आहे का. इमाम म्हणाले, आहे.

घरी येऊन सालिमाला म्हणालो, "अगायना दिसत नाही."

ती चुलीपाशी होती. मागे वळली नाही. "चार वर्षं झाली," ती म्हणाली. "गावातल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. वाडगा त्यांच्या हातात द्यावा लागतो, समोर ठेवून चालत नाही. तुम्ही एकटेच राहिला होतात."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही त्यांना जसं बघायचात, तसं बघणारं दुसरं कोणी राहिलं नव्हतं."

मी वही काढून मागची पानं वाचली. कोट, चहा, रस्त्यातला सलाम. सगळं माझ्याच अक्षरात आहे. काही खोडलं नाही.

२७ जुलै

कॅमेरा परत जोडायचा प्रयत्न केला. जोडला गेला. भिंग बाहेर येतं, आत जातं, दिसत मात्र सगळं धुक्यातलं. तरी सालिमाने माझा एक फोटो काढला आणि नुर्झातला पाठवला. नुर्झात फोनवर म्हणाली, "अता, हा चंद्र जरा जाड आलाय."

१८ ऑगस्ट

एकोणतिसावा रोजा. आज चंद्र दिसला तर उद्या ईद. सगळे टेकडीवर गेलो, कुरणातून लोकही उतरले आहेत. अगाय माझ्या कोपराला धरून चढले. पावलं मोजली नाहीत, वाटेत दुर्बिणीच्या नवीन पायाबद्दल बोलत राहिले.

खिंडीवर ढगाची एक चिंधी होती. लोक इकडेतिकडे बोटं दाखवत होते. मला बेरीज ठाऊक होती, मी हात आडवा केला आणि वाट पाहिली. चिंधी सरकली.

"आला," मी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं, तरी पुढे सांगत राहिलो. "खालचं टोक जाड आहे. वरचं पुसट. अर्ध्यात एक तुटक जागा आहे, तिथे ढगाचा धागा असावा. रंग ताज्या लोण्याचा."

"उभा की झोपलेला?" अगायनी विचारलं.

"उभा. जरा मागे रेललेला, तुम्ही खुर्चीत रेलता तसा."

त्यांनी दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले, नवा चंद्र पाहिल्यावर फिरवतात तसे. मीही फिरवले. एवढ्यात ढगाने तो परत झाकला.

इमाम वही घेऊन आले. रमजानच्या चंद्राला एकाची साक्ष पुरते, ईदच्या चंद्राला दोन लागतात. "कोणी पाहिला?"

"मी," मी म्हणालो. आणखी कोणी पुढे आलं नाही. बाकीचे अजून चुकीच्या बाजूला बघत होते.

"दुसरा?"

अगायनी माझं कोपर सोडलं आणि एक पाऊल पुढे झाले. "पाहिला यानं," ते म्हणाले. "मी ऐकला. बेरजेशी ताडून पाहिला, बरोबर आहे. लिहायचं तर तसंच लिहा, मोल्दोके."

इमाम खाली बसले, वही गुडघ्यावर घेतली आणि तसंच लिहिलं. मी वाकून पाहिलं. माझं नाव वर होतं, अगायचं खाली. मी इमामांना ते खोडून नीट क्रमाने लिहायला लावलं: आधी अगाय, मग मी.